माझ्या ओळीतली कलमं

पोळा होऊन गेला की माझा स्वभाव बिघडतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. नवरा त्या दिवसांत फारसं न बोलता डबा उचलतो आणि बाहेर पडतो. मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगते, "आईचं सध्या काही खरं नाही, आपण तुमच्याकडे बसू." मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि आणखी चिडते. कारण विचाराल तर हवा. ऊन चटका देतं आणि लगेच ढगात शिरतं, पाऊस येतो न येतोसं करून जातो, अंगाला कपडा चिकटतो. नाशिकची माणसं या हवेला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. द्राक्षाची कलमं भरायला हीच हवा लागते. कोरड्या वाऱ्यात काडी सुकते, थंडीत ती फुटत नाही, या दमट दिवसांतच ती जीव धरते. सातपूरला आमच्या कंपनीत तपासणी विभागात दिवसभर एसी चालू असतो, बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. पण संध्याकाळी गेटबाहेर पाऊल टाकलं की माझ्या हातांना कळतं, कुठेतरी कलमं सुरू झाली असणार.

माझं माहेर विंचूरच्या अलीकडे, हायवेला लागून. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी तिसरी-चौथीत असताना कांदा कमी करून द्राक्षबाग लावली. नव्वदच्या दशकातली ती आमची पहिली बाग. शाळेतून आले की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि थेट मांडवाखाली जायचं. तिथे दुपारीही सावली असायची. पानांवर फवारणीचे निळसर डाग, पायाखाली ओली माती, आणि सगळीकडे मोरचुदाचा तुरट वास. तो वास मला अजून आवडतो, हे मी चारचौघांत सांगत नाही. माझा धाकटा भाऊ गणेश बागेत यायचा तो फक्त जेवायला बोलवायला. त्याला किडे आवडायचे नाहीत, चिखल आवडायचा नाही. त्याला लग्नं आवडायची. गावात कुणाचाही मांडव पडला की हा सकाळपासून तिथे, वाजंत्रीवाल्यांना पाणी दे, पंगतीला पत्रावळी मांड. आई म्हणायची, याला मंडपवाल्याकडेच ठेवून द्या. आम्ही हसायचो आणि विसरून जायचो.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. ती कुणी ठरवलेली नाही, पण सगळे पाळतात. घरातलं जे पोर हुशार निघेल त्याला शेतापासून लांब ठेवायचं, आणि जे अभ्यासात मागे पडेल त्याच्या हाती शेत द्यायचं. आमचे गणिताचे सर उत्तर न आलेल्या पोराला म्हणायचे, "जा, बापाच्या बागेत पाट्या उचल." पोरं मान खाली घालायची. मी बाकावर बसून विचार करायचे, ही शिक्षा आपल्याला कधी मिळणार? पण मला उत्तरं यायची. माझं दुर्दैव असं की सगळीच यायची. ज्या जमिनीवर अख्खं घर जगतं ती आम्ही नापास पोराला शिक्षा म्हणून देतो, आणि वीस वर्षांनी पारावर बसून म्हणतो की शेतीत आता राम राहिला नाही. कसा राहील? त्याला आम्हीच शिकवून बाहेरगावी पाठवलेलं असतं. मी हे बोलायला लागले की नवरा म्हणतो, झालं तुझं भाषण सुरू. असू दे. इथे तरी मला कुणी अडवणार नाही.

मी तर मुलगी. आमच्या भावकीत दहावी झाली की मुलीसाठी स्थळं बघायला लागायचे. अण्णांनी मात्र मी आठवीत असतानाच जाहीर करून टाकलं होतं की वैशाली इंजिनियर होणार. चुलते हसायचे. "पोरीवर येवढा खर्च? उद्या दुसऱ्याच्या घरी जायची ती." अण्णा शांतपणे म्हणायचे, "जाऊ द्या की. सोताच्या पगारावर जाईल." हे ऐकून माझी छाती फुगायची. आईला सातवीतून शाळेतून काढलं होतं. बारावीच्या वर्षी तिने मला झाडूला हात लावू दिला नाही, माझ्या वाट्याची भांडीसुद्धा तीच घासायची. मुलीला शिकवायचं नाही म्हणणाऱ्या बापाशी भांडता येतं. गावाचं हसू झेलून, स्वतःचं मन मारून जो बाप शिक म्हणतो, त्याच्याशी भांडायचं कसं? मला ते कधीच जमलं नाही.

बारावीच्या सुट्टीत एकदाच धीर केला, तोही आईपाशी. "मला कृषी कॉलेजला जायचंय. बागेचंच शिकते ना." आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला नाही. "शेती शिकायला कॉलेज कशाला गं, ती मागल्या दाराला हे. अन् शिकून करशील कुणाच्या शेतात? आमचं म्हणशील तर ते गणेशचं. नवऱ्याचं म्हणशील तर त्यो देईल तव्हा." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि विषय संपला. अण्णांच्या कानावर तिने हे घातलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मार्क चांगले पडले, पण फ्री सीट थोडक्यात हुकली. उरली पेमेंट सीट, म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरची फी. दोन हजार सालच्या पुढेमागे बँका शिक्षणासाठी कर्ज द्यायला लागल्या होत्या. अण्णांनी ते कुणाकडून तरी ऐकलं आणि घरी येऊन सण असल्यासारखं सांगितलं. कर्ज मुलीच्या नावावर, बाप जामीन, आणि परतफेड नोकरी लागल्यावर. "बघ, शिकायचं अन् मग आपलं आपण फेडायचं. कुनाचं उपकार नाय." मी मान हलवली. प्रवेशाच्या फेऱ्या त्या वर्षी लांबत गेल्या. जून गेला, जुलै गेला, कॉलेज सुरू व्हायचं नाव नाही. घरी बसून वर्तमानपत्रातले प्रवेशाचे रकाने चाळायचे आणि दुपारी झोपायचं, एवढाच उद्योग. मग पोळा झाला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता, आणि कलमांची टोळी आली.

अण्णा त्या वर्षी नवा प्लॉट करत होते. जमिनीत जंगली द्राक्षाचे खुंट आधीच लावलेले होते. हा वेल काटक, कमी पाण्यात तगतो, पण त्याचं फळ खायच्या लायकीचं नाही. म्हणून खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की तो वरून कापायचा, मधोमध चीर द्यायची, आणि चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. झालं कलम. यावरून माहेर-सासर, शिक्षण आणि संस्कार यांच्यावर चार सुंदर वाक्यं लिहायचा मोह होतो. मी तो आवरते. लग्नात भेट मिळालेल्या पुस्तकांत अशी वाक्यं पुष्कळ होती, आणि त्यातल्या एकाही लेखकाने कलम भरलेलं नव्हतं, हे पहिल्या पानावर कळायचं.

टोळी सुरगाण्याकडची. भात-नागलीची लावणी उरकली की ती माणसं जीप भरून आमच्या भागात उतरायची. मुकादम काशिनाथमामा, आणि त्यांची बायको जिजामावशी. मामा दिवसभरात दहा शब्द बोलायचे, उरलेले सगळे मावशीकडे होते. कामाची वाटणी ठरलेली: चाकू पुरुषांकडे, पट्टी बायांकडे. मी पट्टी बांधायला मावशीच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा तिने माझ्या चपलांकडे बघितलं.

"शिकल्याली पोर तू, चिखलात कशापायी?"

"आवडतं मला."

"आवडतं म्हनं." तिने बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आपल्याला नाय आवडत तरी करतोय. तू असं कर, हितं माझ्या जागी बस. मी जाते तुझ्या कालिजात."

सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर मात्र ते मनात राहिलं. मातीत बसायची हौस मला होती, कारण मातीतून उठून घरी जायची सोयही मला होती. जिजामावशी रात्री बागेच्या कडेला ताडपत्रीखाली झोपायची. माझ्या आवडीबद्दल मी आजही फार मोठ्याने बोलत नाही, त्याचं एक कारण मावशी आहे.

एक दिवस मामांच्या पुतण्याला ताप भरला. काड्या भिजवलेल्या होत्या, त्या ठेवून चालत नाही. मी म्हटलं, मी भरू का? मामांनी बायकोकडे बघितलं. मावशी म्हणाली, "द्या चाकू. बोट कापलं का बसंल गप." बोट पहिल्या तासाभरातच कापलं. मी चिंधी बांधली आणि गप्प बसले नाही. मामांनी काही शिकवलं असं नाही, ते माझ्या डाव्या बाजूला भरत राहिले आणि मी बघत राहिले. काडी तासताना चाकू एका ओढीत फिरला पाहिजे, दोनदा फिरवला की काप वाकडा येतो. मग काडी चिरेत सरकवायची, अशी की हिच्या सालीला त्याची साल लागली पाहिजे. लागली की कळतं. आवाज होत नाही, बघायलाही विशेष काही नसतं, पण बोटांना कळतं की बसली. पहिली बसली तेव्हा मी मामांकडे पाहिलं. ते पुढच्या खुंटावर गेले होते. मला वाटलं, आपल्याला काय करायचंय ते आपल्याला सापडलं. सतरा-अठराव्या वर्षी असं बऱ्याच गोष्टींबद्दल वाटतं, मान्य. पण इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आणि पुढच्या सगळ्या नोकरीत ते पुन्हा कधी वाटलं नाही, हेही खरं.

ती एक ओळ मी पूर्ण केली. त्यासाठी दुपारच्या शाळेतल्यासारखी रोज जेवून यायचे आणि अंधार पडायच्या आत घरी जायचे. अंगाला मातीचा आणि चिकाचा वास यायचा. आई न्हाणीघरात पाणी काढून ठेवायची. त्या दिवसांत मला स्वप्नंही त्या बागेचीच पडायची. पुढे वेली मोठ्या झाल्यावर मांडव कसा बांधायचा, कुठल्या बाजूने पाणी सोडायचं, कुठली जात लावून बघायची. अण्णांच्या शेजारी टोपी घालून मी उभी आहे आणि व्यापारी माझ्याशी भाव बोलतोय, असंही एक स्वप्न होतं. ते मी जागेपणी पाहायचे.

टोळीचा हिशेब लागलेल्या कलमावर असायचा. फुटलं तर पैसे, मेलं तर नाही. म्हणून ज्याने जी ओळ भरली तिच्या टोकाच्या खांबाला तो आपली खूण बांधायचा. कुणाची सुतळी, कुणाचा रंगीत दोरा. मामांची कसलीच खूण नसायची, बिनखुणेची ती त्यांची. मी शाळेच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली. दसऱ्याच्या सुमारास अण्णा आणि मामा ओळीओळीने फिरून फुटलेली कलमं मोजणार होते. माझ्या ओळीचे पैसे कुणाला द्यायचे नव्हते, तरी तीही मोजली जाणार होती. सगळ्यांच्या बरोबरीने माझी ओळ मोजली जाईल याचं मला केवढं अप्रूप होतं.

अण्णा एका संध्याकाळी बांधावरून आले. माझ्या ओळीच्या टोकाशी थांबले, वाकले, एका कलमाच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. मग तसेच चार-पाच खुंट पुढे गेले. मी चाकू हातात धरून उभी.

"कोनी भरली ही?"

"मी."

ते माझ्या बोटाच्या चिंधीकडे बघत राहिले. "चाकू ठिव आता," म्हणाले. "परवा बँकेत जायचंय. सही करता आली पायजे."

बँक नाशिकला. अण्णांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते, एसटीत ते सीटला पाठ टेकत नव्हते. मॅनेजर भला माणूस होता. त्याने मला विचारलं, "इलेक्ट्रॉनिक्सच का निवडलं?" मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "स्कोप हाय साहेब." ते वाक्य त्या काळात सगळे बाप म्हणायचे. स्कोप म्हणजे नक्की काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी दाखवलेल्या जागी सह्या केल्या. दुखऱ्या बोटामुळे माझी सही वाकडी येत होती, मॅनेजर म्हणाला, हळूहळू करा, घाई नाही. माझ्या सहीखाली अण्णांनी जामीन म्हणून सही केली, एकेक अक्षर सुटं काढून. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि हसत म्हणाले, "आता तू माझी जिम्मेदारी नाय. बँकेची." ते खूश होते. इतके खूश मी त्यांना बागेच्या पहिल्या तोड्यालाही पाहिलं नव्हतं. रस गोड होता आणि मला रडू येत होतं. त्यांना वाटलं, घर सोडायचं म्हणून.

गणपती उठले आणि मी हॉस्टेलला गेले. पहिली सहामाही म्हणजे ड्रॉइंगचे कागद, वर्कशॉपमधला लोखंडी भुगा आणि मेसची पातळ आमटी. मी वर्गात बसायचे आणि मनात माझी ओळ मोजायचे. आता काडीवरचा पहिला डोळा फुगला असेल. आता पट्टीखालून हिरवं टोक आलं असेल. कुणाशी बोलणार? रूममधल्या मुली नाशिकच्या मैदानावरच्या दांडियाबद्दल बोलायच्या. एके दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं. दिवाळीला घरी जायचं, आणि ओळ चांगली लागली असेल तर अण्णांना सांगायचं. स्पष्ट सांगायचं की मला हे शिकायचं नाही, मला बाग पाहिजे, पुढच्या वर्षी कृषीला पाठवा. झालेल्या कर्जाचं बघू, पहिलाच हप्ता तर कॉलेजला गेलाय, मी बागेत राबून फेडेन. नुसती आवड आहे म्हणून मी हे बोलू शकत नव्हते. आवड कुणाला नसते? पण मला येतं, हे दाखवता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे खांबाला बांधलेली माझी ओढणी होती, आणि तिथली मोजणी अण्णांनी स्वतः केलेली असणार होती. मी वाक्यं पाठ केली. दिवाळीपर्यंत ती इतकी पक्की झाली की ड्रॉइंग करताना ओठ हलायचे.

वसुबारसेला घरी पोहोचले. टोळी कधीच गेली होती. अण्णा अंगणात फवारणीचा पंप धूत होते. मी पाया पडले आणि उठता उठता विचारलं, "माझी ओळ कशी आली, अण्णा?"

त्यांनी पंपाची नळी झटकली. "निम्मी गेली. काशिनाथनं जाता जाता पुन्ना भरली." मग नळीत फुंकर मारून म्हणाले, "हातची कला नाय ती बाई सगळ्यांच्या. तू तुझं बघ. परीक्षा कधी हे?"

मी तारीख सांगितली. आईने आतून हाक मारली, मी गेले, करंज्या तळायला बसले. त्या दिवाळीत मी बागेत पाऊल टाकलं नाही. सर्दी झालीये, असं मी सांगितलं. ज्या जागी आपण हरलो ते बघायला कोण जातं? पाठ केलेली वाक्यं मी गिळून टाकली, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एसटीत बसताना मला, खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं. आपल्याला ते येत नव्हतंच. मग काय बिघडलं? आता निदान नीट इंजिनियर तरी व्हावं.

झाले. मी वाईट इंजिनियर नाही. चांगलीही नाही. आमच्या कंपनीत विजेची मीटर बनतात, ती बरोबर चालतात की नाही हे मी तपासते. कुणी माझ्या कामाला नावं ठेवत नाही आणि कुणी आठवणही काढत नाही. पगार सुरू झाला तशी कर्जाची कपातही सुरू झाली. नोकरी आवडत नाही असं वाटायच्या आधी हप्ता आठवायचा. मैत्रिणी नोकऱ्या बदलत होत्या, एकजण चक्क सगळं सोडून नृत्य शिकवायला लागली, मी मात्र दर महिन्याला शहाण्या मुलीसारखी भरत राहिले. लग्नाच्या बोलणीत तर गंमतच. मुलाकडचे एक काका बराच वेळ घुटमळले आणि शेवटी म्हणाले, "मुलीच्या नावावर काहीतरी लोन आहे म्हणे?" अण्णा म्हणाले, मी भरेन. मी म्हणाले, मीच भरेन. माझा आताचा नवरा म्हणाला, अहो, टीव्हीचे भरतो तसे भरू. त्याच वाक्यासाठी मी त्याला होकार दिला. पण एकाही चुलतभावाला कुणी कधी विचारलं नाही की तुझ्या नावावर सोसायटीचं कर्ज किती आहे.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मला वाटलं होतं, काहीतरी होईल. आत काहीतरी मोकळं होईल. मी ऑफिसातून बाहेर येऊन चहा प्यायले आणि परत जाऊन मीटर तपासली. इतकी वर्षं मी समजत होते की कर्जाने मला अडवलंय. कर्ज संपलं आणि मी होते तिथेच. जायला आता जागा कुठली होती?

कारण बाग गणेशकडे होती, आणि गणेशला ती कधीच नको होती. त्याने काही वर्षं ओढली. वेलींवर डावणी रोग आला, गारपीट आली, मजूर मिळेनात, आणि मुळात त्याचं चित्त नाही. हायवे रुंद झाल्यावर त्याने रस्त्याकडेचा तो प्लॉट मोडून लॉन्स काढलं, लग्नाचं. काढलं ते उत्तम काढलं. लहानपणी पंगतीत राबणारं पोर ते, प्रत्येक पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जातो. लग्नतिथीच्या दिवसांत त्याला बोलायला सवड नसते. मी भरलेली ओळ जिथे होती तिथे गाड्या लावतात. बाग मोडली त्या वर्षी तो मला म्हणाला, "ताई, तू घरी नव्हती म्हनून मी केली गं येवढी वर्षं. मला कुठं आवडत व्हती." मी म्हटलं, बरं केलंस. त्याच्यावर मला राग नाही. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला माझ्याकडे होते. पोळ्यानंतरचेच दिवस. त्यांना गावी सोडायला मी गाडी घेऊन निघाले. चांदोरीच्या पुढे रस्त्याला लागूनच एका बागेत टोळी बसली होती. अण्णा म्हणाले, "थांब गं जरा." काळा चष्मा सावरत ते उतरले आणि बांधावर जाऊन उभे राहिले. आवाज एकदम तरणा झाला.

"कुडले रे पोरांनो?"

"सुरगान्याचे, बाबा."

"मंग बरोबर." अण्णा खूश झाले. कुठली जात, किती खुंट, पट्टी कुठली, सगळं विचारून झालं. मी गाडीला टेकून उभी होते. त्यांनी माझ्याकडे हात केला. "ही माझी पोरगी. इंजिनेर हाय नाशिकला. पन हिला ईचारा, हिनं कलमं भरल्याली हायेत."

पोरं हसली. एक बाई पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "लागली व्हती का, ताई?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "लागली म्हंजी? अख्खी ओळ हिची. चार-दोन सोडली तर सगळी लागली. काशिनाथ व्हता आमचा, मोठा कारागीर, त्याची बी त्या वर्षी येवढी लागली नाय. त्यो मला म्हनला, मालक, ही पोर टोळीत द्या." आणि ते मनापासून हसले. त्या दिवाळीत मला काय सांगितलं होतं हे त्यांना त्या क्षणी आठवतही नव्हतं. इतक्या वर्षांत त्या मोजणीचा त्यांना अभिमानच तेवढा लक्षात राहिला होता.

मी गाडीत येऊन बसले. दिवाळीत चार पावलं चालून मी बागेत गेले असते तर मला दिसलं असतं. पुन्हा भरलेल्या कलमाचा फुटवा मागे असतो, बुटका असतो, ते शेंबड्या पोरालाही कळतं. मी गेले नाही. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, कारण खोटं बोलणारा बाप आमचा नव्हताच. अण्णा येऊन बसल्यावर गाडी सुरू केली. रस्त्याला लागल्यावर विचारलं, "अण्णा, निम्मी गेली म्हणाला होतात तुम्ही."

काळ्या चष्म्याखाली त्यांचे डोळे दिसत नव्हते. हात मात्र गुडघ्यावर आवळले गेले होते.

"म्हनलो व्हतो," ते म्हणाले.

"का?"

"तुझ्या आईनं सांगितलं व्हतं मला, तुला कृषीला जायचंय ते. मग ती ओळ बघितली. अन् घाबरलो मी, वैशू. लागली म्हनलो असतो तर तू परत गेली नसती."

"नसतेच गेले."

"हां. तेच. कर्ज काढून ठिवलेलं. गाव हसायला टपल्यालं. अन् बाग तुला दिली असती तर गनेशला काय दिलं असतं?" त्यांनी हात सोडून चष्मा सावरला. "मला वाटलं, तुझं भलं करतोय."

मला राग आला. खूप आला, त्यांच्यावर आला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की माझ्या हातात ते नव्हतं, म्हणून गेलं. माझ्या हातात ते होतं, आणि माझ्या बापाला ते माझ्याही आधी दिसलं होतं. ओरडावंसं वाटलं. पण शेजारी नुकतं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस बसला होता, जो आयुष्यात माझ्याशी एकदाच खोटं बोलला होता आणि तेही माझ्या पगाराच्या आशेने, माझ्या सुखाच्या आशेने. त्या रागाचं काय करायचं हे मला तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. पोळा झाला की मी घरच्यांवर चिडते, ते बहुधा तेच असावं.

निफाड मागे पडलं. रस्त्याला कांद्याचे ट्रॅक्टर लागले, त्यांच्या मागे मी हळू चालवत राहिले.

"आणि मी थांबले असते तर?" मी विचारलं. "तर काय झालं असतं, अण्णा?"

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने डोळ्याची कड टिपली. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, पण मी त्यांना अडवलं नाही. ते बाहेर बघत होते. एकामागून एक लॉन्सच्या कमानी जात होत्या, मध्येच एखादी बाग.

"तर बाग राहिली असती," ते म्हणाले.